कॉलेज आणि कारखाना जवळ आणायचेत ना? मग हे करा

कॉलेजातल्या इंडस्ट्री सेलचे, म्हणजे कारखान्यांशी संबंध जोडणाऱ्या विभागाचे, नव्यानेच कोऑर्डिनेटर झालेल्या प्रोफेसर मंडळींनो, अभिनंदन! मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटी शेड चालवतो, पंपांचे शाफ्ट स्लीव्ह (दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या नळ्या) करतो, आणि गेले सात महिने एका कॉलेजशी 'कोलॅबरेशन' करतोय. नाव नाही घेत, स्कूटरने बारा मिनिटांवर आहे. तर त्या अनुभवावरून चार टिपा, फुकट.

पहिलं म्हणजे एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, करा. कशासाठी ते नंतर बघू, कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकला एमओयू किती ते दाखवायचं असतं, स्लीव्ह किती तडकले ते नाही.

फोटोच्या वेळी बुके कारखानेवाल्याच्या हातात द्या, म्हणजे त्याला तुटका पार्ट पुढे करता येत नाही.

आता मुख्य. तो प्रॉब्लेम घेऊन आलाच तर घाई करू नका. माझे ४२० ग्रेड स्टेनलेसचे स्लीव्ह हार्डनिंगनंतर तडकत होते, दहातले तीन, केसासारखी उभी चीर. म्हटलं यांच्याकडे मायक्रोस्कोप आहे, बघतील. तर आधी लेटरहेडवर अर्ज, मग अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल नाही म्हणून परत, मग एचओडी रजेवर, एचओडी आले तर लॅब असिस्टंट परीक्षेच्या ड्यूटीवर, मग मायक्रोस्कोप आहे पण त्याची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलीय, मग म्हणे आधी आयपी, म्हणजे शोधाचा हक्क, कोणाचं ते ठरवू. अरे, चिरेचं पेटंट घेताय का?! शेवटी चौथ्या महिन्यात फायनल इयरची चार पोरं आली, गोड पोरं, चहा प्यायली, शेडमध्ये सेल्फी काढले, आणि पंधरा दिवसांनी कम्प्लीशन सर्टिफिकेटवर सही-शिक्का मागायला हजर. रिपोर्टात फोटो गूगलवरच्या कुठल्यातरी भलत्याच पंपाचा. केली सही, पोरांचं वर्ष कशाला बुडवा.

चीर कोणी पकडली माहितीये? दोन गल्ल्या सोडून हीट ट्रीटमेंटवाले काका आहेत, सेव-उसळीच्या लारीवर भेटले. स्लीव्ह हातात फिरवून म्हणाले, "संध्याकाळी तेलात क्वेंच करून सकाळी टेम्पर करतोस ना रे? रात्रभर ठेवू नकोस, तिथेच तडकतंय." म्हणजे तापलेला स्लीव्ह तेलात झटकन गार केला (क्वेंच) की कडक पण ठिसूळ होतो, तो लगेच पुन्हा थोडा तापवून (टेम्पर) ठिसूळपणा घालवायचा. बस. एक प्लेट सेव-उसळ, जादा तर्री.

सेमिनार मात्र जरूर घ्या. मागच्या वेळी एका स्लाइडवर बोश्मा नावाच्या डच अभ्यासकाचा २००५चा पेपर होता, जवळीक पाच प्रकारची असते, नकाशावरची त्यातली फक्त एक, आणि नुसती तेवढी असून भागत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग जेवण. श्रीखंड चांगलं होतं.

आणि कारखानेवाल्यांनो, तुम्ही दात काढू नका. भंगारवालाही घेत नाही ती लेथ तुम्ही कॉलेजला 'डोनेट' करता, आणि टेस्टिंगचं बिल आलं की "सर, आपलंच समजा की".

जाऊ दे, मला आता टिपाबिपा सुचत नाहीयेत, डोकं फिरलंय. हे बडोदं आहे राव! इथे सयाजीरावांनी १८९०मध्ये कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं कॉलेज काढलं, त्याचे पहिले प्रिन्सिपॉल त्रिभुवनदास गज्जर, आणि १९०७मध्ये अलेंबिक ही औषधांची कंपनी सुरू झाली त्यातही तेच गज्जर. शिकवणारा आणि कारखाना उभा करणारा माणूस एकच, कुठला एमओयू आणि कुठला बुके. आणि आज तुमच्याकडे मेटलर्जी शिकवणाऱ्या पोराने फर्नेसचं दार स्वतः उघडलेलं नसतं. त्याचा काय दोष, त्याला कोणी पाठवलंच नाही. महिन्यातून एक दिवस पाठवा ना त्याला माझ्या शेडवर! पगार चालू ठेवून, ड्यूटी मांडून, सर्टिफिकेट न मागता. मी दार उघडं ठेवतो, चहा माझा. एवढं जमत नसेल तर सेलचा बोर्ड तरी काढा दारावरचा, लाज वाटते वाचताना.

आणि तुमच्या एचओडींच्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलेत ते दोन स्लीव्ह माझे आहेत. त्यातला एक तडकलेला नाही, तुलनेला दिला होता. तो आधी परत पाठवा, माल मागवणारी पार्टी रोज फोन करतेय.