लाकूड-मातीचं घर टिकत नाही म्हणे

फॅमिली ग्रुपवर परवा परत तेच. गावचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं, आणि वर चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, मला टोमणा, "तू इंग्लंडात असतोस ना, तिथे राहतं का कोण लाकूड-मातीच्या घरात?"

राहतात रे! केंट-ससेक्समध्ये ओकच्या सांगाड्याची चारपाचशे वर्षांची घरं आहेत, लोक त्यात वायफाय लावून राहतात, आणि लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा यादीतलं, असेल तर खिडकी बदलायलाही कौन्सिलला विचारावं लागतं. मी एवढा चिडलो की रविवारी मुद्दाम ससेक्समधल्या सिंगलटनच्या म्युझियमला (जुनी घरं मूळ जागेवरून हलवून तिथे उभी केलीत) जाऊन बेलीफ (Bayleaf) नावाचं फार्महाऊस परत बघून आलो. 15व्या शतकाच्या सुरुवातीचं शेतकऱ्याचं घर, मूळ केंटमधल्या चिडिंगस्टोनचं, बाऊ बीचचं धरण आलं तेव्हा 1968-69 मध्ये एकेक खांब, एकेक वासा सोडवून काढला आणि 1972 मध्ये इथे परत उभं केलं. जमलं कारण सांगाडा खिळ्यांवर नाहीच, कुसू खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. स्लॅब असा सोडवून नेता येईल?

आणि भिंती कुडाच्या! काठ्या विणून त्यावर माती, गवत, शेण. आजी कारवीचा कूड लिंपायची ते हेच की. दोन्ही टोकांना माडी, पुढे काढलेली, आणि मधला खण थेट छपरापर्यंत मोकळा, तिथे जमिनीवरच आग, धुराडं नाही, धूर आपला वर छपरातून जातो. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज.

दादा म्हणेल वाळवीचं काय. बरोबर, इथे वाळवीचा त्रास नाही आणि आपल्यासारखा पाऊसही नाही. पण ओकलाही किडा लागतो, मग कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांधतात, अख्खं घर नाही पाडत.

हे दादाला लिहायला मात्र हात धजत नाही. दर मे महिन्यात कौलं परतायला तोच चढतो, मी अकरा वर्षांत एकदाही नाही. बेलीफमध्ये आग पेटवलेली होती, धुराचा वास जॅकेटला लागला, ते अजून धुवायला टाकवलं नाहीये, कारण इथल्या भाड्याच्या सेमी-डिटॅच्ड घराला कसला वासच नाही. मला ते घर राहायला नकोय, परत जायला हवंय, आणि त्यासाठी त्यांनी गळक्या छपराखाली राहावं असं मी म्हणतोय, कळतं मला. म्हणून ग्रुपवर एवढंच टाकलंय की माझा हिस्सा नको, सुताराचे आणि कौलांचे पैसे मी देतो, माजघराचा कूड तेवढा पाडू नका.