परवा

आमच्या वॉशिंग मशीनने ऐन पावसाळ्यात मान टाकली. तीही भरल्या पोटी. आत दोन चादरी, माझ्या तीन पँटी आणि साबणाचं पाणी. दार उघडेना. काचेआडून चादरी मत्स्यालयातल्या माशांसारख्या बघत होत्या.

कंपनीला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा म्हणाले. दोन दाबलं, तर पलीकडून इंग्रजी. दुसऱ्या दिवशी आम्हाला साताऱ्याला बारशाला जायचं होतं, म्हणून ठणकावून सांगितलं, "डे आफ्टर टुमॉरो." आमच्या घरात रेंज येते ती फक्त गॅसच्या ओट्यापाशी, आणि नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली. 'डे आफ्टर' शिट्टीने खाल्लं, नुसतं 'टुमॉरो' पोचलं. बारशात "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" चाललेलं असताना मेसेज आला: टेक्निशियन येऊन गेला, ग्राहक घरी नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर रात्री झोप लागेना. (चादरीही नव्हत्याच.) निम्म्या जगावर राज्य केलेल्या भाषेकडे 'परवा'साठी एक शब्द नसावा? तीन शब्दांची वरात काढायची आणि पोचायचा फक्त शेवटचा वऱ्हाडी! शब्दकोश घेऊन बसलो, तर शब्द होता की! 'ओव्हरमॉरो'. मॉरो म्हणजे मुळात सकाळ, मग उद्या. ओव्हरमॉरो म्हणजे उद्याच्या पलीकडचा. संस्कृतातला 'परश्वः' असाच घडलाय. श्वः म्हणजे उद्या, पर म्हणजे पलीकडचा.

हा शब्द माइल्स कव्हरडेलच्या १५३५ सालच्या इंग्रजी बायबलात भेटतो, तोही नवरदेवाच्या तोंडी. बायबलातल्या टोबिट नावाच्या भागातली सारा ही नवरी. तिचे आधीचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच एका सैतानाने मारलेले. आठवा टोबियास शहाणा. तो म्हणतो, आज, उद्या आणि परवा आपण प्रार्थना करू, बाकीचं नंतर. लॅटिनमध्ये तिथे 'दुसरा उद्या' असा द्राविडी प्राणायाम आहे. कव्हरडेल जर्मन आणि लॅटिनवरून भाषांतर करत होता, आणि जर्मनांकडे 'यूबरमॉर्गन' हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. डच लोकही सुखाने 'ओव्हरमॉर्गन' म्हणतात. इंग्रजांनीच तेवढा तो अडगळीत टाकला. मागच्या परवासाठी त्यांच्याकडे 'एरयेस्टरडे' होता, तोही घालवला. टोबियास वाचला, शब्द गेले.

सकाळी कुकर उतरवून, घसा खाकरून फोन लावला.

"ओव्हरमॉरो," मी म्हटलं.

"सर, टुमॉरो?"

"नो, नो. ओव्हरमॉरो."

थोडी शांतता. मग अतिशय हळुवार आवाजात, "टुमॉरो इज ओव्हर, सर?"

ही मागून म्हणाली, "अहो, कुणाशी भांडताय?"

शेवटी दुपारी मेकॅनिकचाच फोन आला. अस्सल मराठी. "काका, परवा आलो होतो, तर कुलूप. आता परवाच जमेल बघा." एका वाक्यात दोन परवा, एक मागचा, एक पुढचा, आणि मला तसूभरही शंका आली नाही. इंग्रजांना दोन शब्द असून सांभाळता आले नाहीत. आपण एकातच दोन्ही दिशा भागवतो! ऊर भरून आला. त्या भरात हिला सांगायचं राहिलं.

मग एका सकाळी मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता हिने विचारलं, "काय हो, तो मशीनवाला कधी येणार? घरभर वास सुटलाय."

"परवा येतो म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

"परवा."

हिचा हात जुडीवरच थांबला. माझ्या खिशात मोबाइल थरथरला. ग्राहक घरी नाही.