‘लिनक्सच्या नादी लागू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या अमळनेर-चोपड्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. आशय असा: लॅपटॉप मेला तर नवा, विंडोजवालाच घ्या. कंपन्यांतून निघालेला जुना लॅपटॉप घेऊन त्यात फुकटचं लिनक्स (विंडोजऐवजी लॅपटॉप चालवणारी मोफत सिस्टिम) टाकाल तर फसाल. वायफाय चालत नाही, मराठी टाइप होत नाही, प्रिंटरची आणि सेतूची कामं होत नाहीत, आणि बिघडला तर जळगाव-धुळ्यात कोणी हात लावत नाही.

वैशाखात माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला, तेव्हा हाच मेसेज मला तिघांनी पाठवला. शेजारचे आबा तर दारात येऊन म्हणाले, “फुकटनं काय चालस का भाऊ?” काळजीपोटीच म्हणाले. पण या मेसेजच्या भरवशावर शेतकऱ्याघरची पोरं कर्ज काढून लॅपटॉप घेतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून लिहितो आहे.

आधी वायफाय, कारण यात थोडं खरं आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे एकेक पार्ट चालवणारे छोटे प्रोग्राम, आतच असतात, वेगळी सीडी लागत नाही. अडचण येते ती चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर नीट खुला केलेला नसेल तिथे. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच चिपांना वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो, रिअलटेकच्या काही चिपाही त्रास देतात. इंटेलचं वायफाय कार्ड असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. खुलं नसलेलं सॉफ्टवेअर कटाक्षाने टाळणाऱ्या डेबियन या लिनक्सच्या प्रकारानेही जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. ग्राफिक्सचंही असंच आहे. इंटेल आणि एएमडी सरळ चालतात, एनव्हिडियाला जास्त निगुती लागते. म्हणजे दोष असतो तो चुकीचे पार्ट असलेली मशीन निवडण्यात, आणि ते पैसे देण्याआधीच तपासता येतं.

कसं, ते सांगतो. घरून पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांपैकी लिनक्सचा एक प्रकार तयार करून न्या. दुकानात लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. डिस्कवर काही टाकावं लागत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, आवाज आणि कॅमेरा बघा, टचपॅडवर दोन बोटं फिरवा, झाकण मिटवून परत उघडा आणि मशीन जागी होते का पाहा. बॅटरी मुळात किती क्षमतेची होती आणि आज किती भरते, तेही तिथेच दिसतं. जुन्या लॅपटॉपमध्ये लोक सर्वांत जास्त फसतात ते बॅटरीत. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये तीन लॅपटॉप असे तपासले. दोन परत ठेवले, तिसरा घेतला. हे करू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या ऑफिससाठी बनलेल्या मालिका बघा. त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) बदलता येते. मात्र पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डागलेली असते, तेवढं विचारून घ्या. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असली की कॉलेजच्या कामाला पुरते.

‘विंडोजवालाच घ्या’ म्हणणारे एक गोष्ट सांगत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-७२००यू यातला ७ म्हणजे सातवी पिढी. अशा धडधाकट मशीनवर लिनक्स आजही अपडेटसह चालतं.

मराठीचा मुद्दा साफ चुकीचा आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांच्या कळांची प्रमाण मांडणी आतच असते. उच्चारानुसार टाइप करायचीही सोय आहे. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइली वेड्यावाकड्या दिसतात, पण तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तशाच दिसतात. त्या एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरांत, करून घ्याव्यात. हा लेख मी लिनक्सवर, लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरमध्येच लिहिला आहे.

प्रिंटर आणि सेतू या मुद्द्यावर मेसेजवाल्यांचं बरंचसं मान्य आहे. आपल्याकडे ऑफिसाऑफिसांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० स्वतःचीच वेगळी भाषा बोलतो, त्यामुळे लिनक्सवर तो डोकं खातो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र सहज चालतात. टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे डोंगल यांची सोय बहुधा विंडोज धरूनच केलेली असते. सेतू केंद्र, टॅली किंवा श्रीलिपीतलं डीटीपी यांवर ज्यांचं पोट आहे, त्यांनी विंडोजच ठेवावं. पण बीएस्सीच्या पोरीला यातलं काय लागतं? तिला ब्राउझर, पीडीएफ, पायथॉन आणि प्रोजेक्टचा अहवाल लागतो.

राहिली दुरुस्ती. बिजागरी, चार्जिंगची पिन, पंखा यांना आत कोणती सिस्टिम आहे याने फरक पडत नाही. वर सांगितलेल्या मालिका उघडून पार्ट कसे बदलायचे, याची पुस्तिका कंपन्या स्वतः इंटरनेटवर मोफत देतात. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पंखा साफ करून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलणं हीच खरी देखभाल, आणि ती कुठलाही चांगला कारागीर करतो.

सॉफ्टवेअरमध्ये एकाच जागी लोक हमखास अडतात: पेनड्राइव्ह चालतो, पण इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेज (डिस्क जोडण्याची पद्धत) ‘रेड’ (RAID) वर असेल तर ‘एएचसीआय’ (AHCI) करा. विंडोज पुसणार असाल तरच, नाहीतर ते सुरू होताना अडेल. बाकी शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे त्यात मराठीतून, फुकट मिळतात. माझ्या भाचीने सुट्टीत त्यावरूनच सुरुवात केली, आणि तिच्या मैत्रिणीसाठी लॅपटॉप बघायला येत्या रविवारी आम्ही तोच पेनड्राइव्ह घेऊन जळगावला चाललो आहोत.