वाङ्मय कुठं होतं त्यात?

कुणा गृहस्थाचा प्रबंध दुसऱ्याचा उतरवलेला निघाला, त्या बातमीवर कट्ट्यावर सगळ्यांचं तोंडसुख घेऊन झालं होतं. गप्पांची गाडी पेरूगेटाच्या पार्किंगकडे वळणार, तेवढ्यात देसाई सर आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मुळात त्याला कॉपी म्हणूच नका. वाङ्मयचौर्य म्हणा."

"वाङ्मय कुठं होतं त्यात?" बापू म्हणाला. "नुसतं चौर्य म्हणा की."

बापूचं अप्पा बळवंत चौकाजवळच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान आहे. जन्मभर लोकांच्या प्रती काढलेला माणूस, त्यामुळे या विषयात आमच्यातला तोच खरा तज्ज्ञ. सर मराठीचे, निवृत्त. बापूने पाटीवर 'छायाप्रत' लिहावं म्हणून ते कधीपासून मागे लागलेत, आणि बापूचं उत्तर ठरलेलं आहे: "छायाप्रत लिहिलं तर लोक पासपोर्ट साइज फोटो काढायला येतील."

"मुळात झेरॉक्स हे एका कंपनीचं नाव आहे," सर म्हणाले.

"ठाऊक आहे. 1959 साली त्यांचं 914 नावाचं मशीन आलं, नऊ बाय चौदा इंचापर्यंतचा कागद घ्यायचं म्हणून 914. माझं मशीन जपानी आहे, तरी लोक झेरॉक्सच मागतात. कॉपीच्या धंद्यात नावसुद्धा दुसऱ्याचंच चालतं, सर."

मन्याला वेगळीच शंका. परीक्षेत करतात ती कॉपी आणि तलाठ्याकडून आणतात ती नक्कल, असं का? काम तर एकच.

"मुळात नक्कल शब्द अरबी, कॉपी लॅटिनमधून आलेला, आणि प्रत आपल्या संस्कृत 'प्रति'वरून..." सर सुटले. पुढचं इथे देत नाही. ज्यांना हवं त्यांनी संध्याकाळी कट्ट्यावर यावं, सर असतातच.

सर श्वास घ्यायला थांबले तसा बापू म्हणाला, "सोपं आहे रे. नक्कल करणाऱ्याची इच्छा असते की मूळ माणूस सगळ्यांनी ओळखावा. कॉपी करणाऱ्याची इच्छा असते की तो कुणीच ओळखू नये. ओळखला की नकलाकाराला टाळ्या, आणि कॉपीबहाद्दराला भरारी पथक."

"आणि तलाठ्याची?"

"तिच्यावर शिक्का असतो. मूळ कुठल्या दप्तरात आहे ते उघड असतं. लपवाछपवीच नाही."

मला हे एकदम पटलं. सरांनाही पटलं असावं, कारण ते चहावाल्याला साखर कमी का घातली नाही म्हणून बोलायला लागले.

शिरीष कॉलेजात शिकवतो. त्याने यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा नियम सांगितला. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, साठच्या वर गेलं की थेट नोंदणीच रद्द. आणि नाव देऊन, अवतरणचिन्हांत घेतलेला मजकूर साम्यात धरतच नाहीत.

"म्हणजे अभ्यास आणि चोरी यांत फक्त दोन अवतरणचिन्हांचं अंतर," बापू म्हणाला. "आणि त्या गृहस्थाने काटकसर केली तीही नेमकी तिथेच."

"काही लोक तर डोळे मिटून उतरवतात," शिरीष मन्याकडे बघत म्हणाला. मग दहावीची चाचणी परीक्षा निघाली, ती निघतेच. मन्याने भूगोलाचा पेपर शिरीषच्या पेपरात बघून लिहिला होता. शिरीषने पानाच्या तळाला 'उर्वरित उत्तर मागील पानावर' असं लिहिलं होतं. मन्याने तेही उतरवलं आणि मागच्या पानावर गेलाच नाही.

"तू हात आडवा धरलास म्हणून!"

"आणि याला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त!" शिरीषचा आवाज अजून चढतो.

"अक्षर," मन्या शांतपणे म्हणाला.

भांडण मिटावं म्हणून मी भांडारकर संस्थेचा विषय काढला, तर सरांना चेवच आला. महाभारताची चिकित्सित आवृत्ती, काम 1919 ते 1966, बाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिलेली. का? तर उतरवणारा प्रत्येक जण काही गाळणार, काही पदरचं घालणार. वर जुने लेखनिक शेवटी हात झटकून मोकळे: यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया, जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध की अशुद्ध, दोष माझा नाही.

"हा श्लोक मला दुकानात लावायला द्या," बापू म्हणाला. "छायाप्रतपेक्षा उपयोगाचा आहे. पण आमचं मशीन पदरचं काही घालत नाही बरं."

"काळी रेघ घालतं की," अलका इतका वेळ मोबाइलमध्ये होती, तिने मान वर केली. "माझ्या पॅनकार्डवर, बरोबर कपाळावरून."

बापू पहिल्यांदाच निरुत्तर झाला. ड्रम बदलायचाय, असं काहीतरी पुटपुटला.

ही संधी साधून सर उभे राहिले. तर्जनी वर. "मुळात तुम्ही द्विरुक्ती आणि पुनरुक्ती यांत गल्लत करता. हळूहळू, ही द्विरुक्ती. पिवळा पीतांबर, ही पुनरुक्ती. मुळात पहिली भाषेचा अलंकार, दुसरी दोष. मुळात..."

"आणि सारखं एकच शब्द म्हणत राहणं?" अलकाने अगदी साळसूदपणे विचारलं.

"ते पालुपद. मुळात तो गाण्यातला शब्द."

मग मन्याला कसं आवरणार? तो कट्ट्यावरच चढला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तर्जनी आभाळाकडे, घसा दोनदा खाकरून सुरू: "मुळात चहा हा चहा नव्हे. मुळात हा कषाय. मुळात कपाला कान का म्हणायचं..." समोरचा भाजीवालासुद्धा हसायला लागला. अलकाने तोंडावर ओढणी धरली. शिरीष दहावीचे दोन मार्क विसरून टाळ्या पिटत होता.

सगळ्यात जास्त हसले ते सर. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"हुबेहूब रे, हुबेहूब! मुळात हे आपले वाचनालयातले जोशी ना?"

बापूच्या व्याख्येत ही नक्कल कुठं बसते, ते विचारायचं राहिलं. त्याला ठसका लागला होता, आणि चहा सगळा शिरीषच्या पँटवर.