खसखशीबद्दल मात्र एक अक्षर नाही

नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी रमजानच्या तोंडावर एक फॉरवर्ड येतो. ‘मुस्लिम देशात फिरायला जाताय? सावधान!!’ बायकांना बुरखा सक्तीचा, मशिदीत पाऊल ठेवलं तर अटक, रमजानात पाण्याचा थेंब मिळत नाही, शाकाहारी माणूस उपाशी राहतो, पर्समध्ये देवाचा फोटो सापडला तर तुरुंग, आणि सलामाला उत्तर दिलं की तुम्ही मुसलमान झालात असं धरतात. यंदा तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. गेल्या वर्षी ऐन रमजानात आम्ही ओमानच्या राजधानीत, मस्कतला गेलो होतो. मी, हे आणि सासूबाई. नणंदेचा मुलगा तिथे नोकरीला आहे. तेव्हा काका, रागावू नका, पण उत्तर देतेच.

आधी ‘मुस्लिम देश’ म्हणजे कोणता ते ठरवू. इस्लामी सहकार्य संघटनेतच ५७ देश आहेत. इराणमध्ये डोकं झाकण्याचा कायदा आहे, तुर्कस्तानात नाही. सौदीने सप्टेंबर २०१९ मध्ये पर्यटक व्हिसा सुरू केला, तेव्हा परदेशी बायकांना अबायाची, म्हणजे अंगभर सैल झग्याची, सक्ती नाही, अंगभर साधे कपडे पुरेत, असं सांगितलं. एवढंच कशाला, एका पेट्रोल पंपाशेजारच्या छोट्या मशिदीच्या उघड्या दारातून आम्हाला एकाच रांगेत दोन तऱ्हा दिसल्या. काही जण हात बांधून उभे, काही जण हात सरळ खाली सोडून. हात सोडलेले ते इबादी, ओमानचा जुना पंथ. बांधलेले सुन्नी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातलं कुणी अभिप्रेत होतं, देव जाणे.

आता बुरखा आणि मशीद. दोन्हींचं उत्तर सासूबाईंकडे आहे.

मस्कतची सुलतान काबूस मशीद २००१ मध्ये उघडली. शुक्रवार सोडून सकाळी ८ ते ११ या वेळेत कुठल्याही धर्माच्या माणसाला आत जाता येतं. रस्त्यात, बाजारात मी पंजाबी ड्रेसवर आणि सासूबाई सुती साडीत हिंडत होतो, कुणी वळून पाहिलं नाही. मशिदीला मात्र केस, मनगटापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय झाकलेले लागतात. सासूबाईंनी झोकात पदर डोक्यावर घेतला, आता झालं ना, अशा चेहऱ्याने. दारावरच्या बाईंनी हसून स्वतःच्या कोपराला हात लावून दाखवला. ब्लाउजच्या बाह्या आखूड! मग भाड्याचा काळा अबाया साडीवरून चढला. खालून नारायणपेठीचा काठ आणि वर टिकली, असा फोटो आमच्याकडे आहे. टिकली काढा असं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडेही कितीतरी देवळांत सोवळ्याशिवाय गाभाऱ्यात सोडत नाहीत, हे त्याच जातीचं.

आत साधारण ७० बाय ६० मीटरचा एकसंध इराणी गालिचा आहे. वजन २१ टन, गाठी १ अब्ज ७० कोटी. पाहुण्यांनी त्यावर पाय द्यायचा नाही, वरून अंथरलेल्या पट्टीवरून चालायचं. सासूबाईंना एकच चिंता, ‘हा धुतात कसा गं?’

मक्केत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, हे खरं. सगळ्या मशिदींत वाटेल तेव्हा घुसता येत नाही, हेही खरं. पण ‘पाऊल ठेवलं तर अटक’ हा वेगळाच मसाला झाला.

रमजानाच्या मुद्द्यावर काकांना अर्धे मार्क देते. ओमानमध्ये रोज्याच्या वेळेत चारचौघांत खाणंपिणं हा गुन्हा आहे, कैद १० दिवस ते ३ महिने. यात आपणही आलो, आणि गाडीत बसून प्यायलेलं पाणीही आलं. पण हॉटेलच्या आत पाहुण्यांना नाश्ता मिळतो, खोलीत काय हवं ते खा. दुबईत तर २०२१ पासून रेस्टॉरंटांना दिवसा खाणारे दिसू नयेत म्हणून पडदे लावायची सक्तीसुद्धा उरलेली नाही.

आमचा ड्रायव्हर बलुची ओमानी, फर्डी हिंदी बोलणारा, स्वतः रोज्यावर. त्याच्याकडून कळलं की प्रवासी आणि आजारी माणसाला रोजा सोडायची मुभा असते, राहिलेले दिवस पुढे भरून काढायचे. प्रवासात चार रकातींच्या, म्हणजे चार आवर्तनांच्या, नमाजाच्या दोनच होतात. पन्नास वर्षं निर्जळी हरतालिका करणाऱ्या सासूबाईंना हे फारच सवलतीचं वाटलं. सूर्यास्ताला त्याने गाडी कडेला घेतली आणि स्वतः खाण्याआधी खजुराचा डबा मागे केला. नंतर त्याच्या घरी काहवा, म्हणजे अरबी कॉफी, झाला. कप रिकामा करून नुसता पुढे धरला की पुन्हा भरतात, नको असेल तर हलकेच हलवायचा असतो. हे सासूबाईंना चौथ्या कपानंतर कळलं.

शाकाहाराबद्दल काय बोलायचं? मस्कतच्या रुवी भागात डोसा, थाळी, पावभाजी. सुपरमार्केटातल्या कांद्याच्या जाळीवर ‘नाशिक’ छापलेलं पाहून ह्यांनी फोटो काढला.

देवाचा फोटो म्हणाल तर सासूबाईंच्या पर्समध्ये सप्तशृंगी होती, तशीच परत आली. जुन्या मस्कतमध्ये मोतीश्वराचं शंभर वर्षांहून जुनं शिवमंदिर आहे, तिथे पंतप्रधान २०१८ मध्ये जाऊन आले. अबुधाबीचं मंदिर २०२४ मध्ये उघडलं. सौदीत असं मंदिर नाही, तिथे इतर धर्मांना उघड पूजा करता येत नाही. तेवढं काकांच्या बाजूने धरा.

आणि सलाम. ‘तुमच्यावर शांती असो’ एवढाच त्याचा अर्थ. अरबी बोलणारे ख्रिश्चनही ‘इन्शाल्ला’, म्हणजे ‘देवाची इच्छा असेल तर’, म्हणतात. मुसलमान व्हायचं तर समजून-उमजून, श्रद्धेने कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, म्हणावा लागतो, तो चुकून लागणारा रोग नाही. ड्रायव्हर रोज सलाम करायचा, सासूबाई रोज ‘राम राम’ म्हणायच्या. दोघांचाही धर्म शाबूत आहे.

खरी धास्ती ज्याची घ्यावी ते फॉरवर्डमध्ये नाहीच. खसखस! अमिरातीत आणि सौदीत ती अफूच्या झाडाची म्हणून बंदी असलेल्या मालात मोडते, मसाल्याच्या पुडीपायी माणसं अडकलेली आहेत. कोडीन हे अफूपासूनचं द्रव्य असलेलं खोकल्याचं औषधही परवानगीशिवाय नेऊ नये. आमचं विमान दुबईमार्गे होतं आणि सासूबाईंनी दिवाळी नसताना नातवासाठी खास अनारसे केले होते, खसखशीने नखशिखांत माखलेले. आदल्या रात्री नातवाचा फोन आला, ‘आजी, दुसरं काहीही आण, अनारसे आणू नकोस.’ मग बॅगेत शंकरपाळे गेले आणि अनारशांचा डबा खालच्या मजल्यावर. काका, आठवतंय ना? तुम्हीच खाल्लेत.