गोळी घेणाऱ्याला अल्पविश्वासी म्हणू नका

‘खऱ्या विश्वासणाऱ्याला नैराश्य येत नाही. आले तर ते पापामुळेच. मनाच्या गोळ्या घेणे म्हणजे प्रभूवर भरवसा नसणे. फिलिप्पैकरांस ४:६, ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’, वाचा आणि गुडघे टेका.’ अशा अर्थाचे संदेश ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सतत फिरतात. खाली आमेनची रांग लागते. ज्याला रात्र रात्र झोप नाही तो विश्वासणाराही ते वाचतो आणि आणखी गप्प होतो. हे सारे पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, नावाने चालते, म्हणून शास्त्रच उघडू या.

विश्वासणाऱ्याला नैराश्य येत नाही? १ राजे १९ पाहा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांपुढे एकटा ठाकलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा, वाट तुला झेपायची नाही. ‘तू इथे काय करतोस’ हा देवाचा प्रश्न येतो तो थेट होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर. आणि धरले जाण्याआधी गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे कोण म्हणाले? आपला प्रभूच ना?

पापामुळे? संकटांनी पिचलेल्या ईयोबाचे मित्रही हेच म्हणत होते, आणि शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावर झाला, ईयोबावर नाही. दडवलेले पाप माणसाला आतून पोखरते हे स्तोत्र ३२ सांगते, ते मी नाकारत नाही. पण स्तोत्र ८८ मध्ये कुठल्या पापाची कबुली नाही. ते अंधारातच संपते, तरी ती प्रार्थनाच आहे.

फिलिप्पैकरांसचे ते वचन पौलाने बंधनात असताना लिहिले, दुसऱ्याला गप्प करायला नव्हे. त्याच पत्रात, आजारी पडलेला सहकारी एपफ्रदीत दगावला असता तर मला दुःखावर दुःख झाले असते, असे तो मोकळेपणाने सांगतो.

पाळकांनी आणि मंडळीतल्या वडीलजनांनी १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ पुन्हा वाचावे. कानउघाडणी तिथे आहे, पण ती अव्यवस्थित वागणाऱ्यांची. अल्पधीरांना धीर द्यायचा आहे, अशक्तांना आधार द्यायचा आहे आणि सर्वांशी सहनशीलतेने वागायचे आहे. खचलेल्या बहिणीची कानउघाडणी करणे हे शास्त्राधारित समुपदेशन नव्हे, कितीही वचने जोडली तरी.

राहिल्या गोळ्या. ‘निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे’, हे येशूचे शब्द. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी इस्पितळ उभारले, तिथे औषध आणि प्रार्थना यांचे भांडण नव्हते. मधुमेहाची गोळी चालते, मग मेंदूची का नाही? शिवाय थायरॉइड किंवा बी-१२ कमी असले तरी मन खचते, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ते एकदम बंद केले तर त्रास उलटतो. ‘विश्वासाने गोळ्या सोड’ असे सांगणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

आणि कुणी ‘जगावेसे वाटत नाही’ म्हणाले, तर वचन पाठवून मोकळे होऊ नका. त्याच्यापाशी जा, आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारा, त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो. प्रार्थना त्याच्याशेजारी बसून करा.