डिस्ट्रोने स्वतःचे पॅच लावावेत, पण कुठे ते बघून

लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम कुणीतरी वेगळं लिहितं, तो मूळ प्रोजेक्ट; ते सगळं एकत्र बांधून देणारी ती डिस्ट्रो; आणि कोडमध्ये बाहेरून केलेला बदल म्हणजे पॅच. मूळ प्रोजेक्टने नाकारलेलं किंवा वर्षानुवर्षं लटकवत ठेवलेलं फीचर डिस्ट्रोने स्वतः पॅच लावून आपल्याला द्यावं का? आमच्या घरात यावर दोन तट आहेत. भाचा इथेच इंदुरात इंजिनिअरिंग करतो, आर्च ही मूळ कोडला शक्यतो हात न लावणारी डिस्ट्रो वापरतो आणि त्याचं म्हणणं एका वाक्यात संपतं: "मामा, ज्यानं लिहिलं त्यालाच कळतं, मधल्यानं हात लावायचा नाही." मी जुना डेबियन-उबंटूवाला, या डिस्ट्रो स्वतःचे पॅच लावतात. आणि पोह्यांवर शेव-जिरावण भुरभुरल्याशिवाय ज्यांची सकाळ होत नाही, अशा गावच्या माणसाने मूळ कृतीच्या पावित्र्यावर प्रवचन द्यावं, हे मला तरी जमणार नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. हा पॅच चुकला तर वापरणाऱ्याला ते दिसेल का? दिसणार असेल तर डिस्ट्रोने खुशाल लावावा. चूक गुपचूप आत बसून राहणार असेल, तर मूळ लेखक हो म्हणेपर्यंत लावू नये.

आधी दिसणाऱ्या चुकीचं उदाहरण. रामबागेत ओळखीच्या एका क्लासमध्ये जेल रोडवरून घेतलेले जुने डेस्कटॉप आहेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही, इंटेलचं प्रोसेसरबरोबर येतं तेवढंच. नोमवर, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, खिडक्या उघडताना, सरकवताना अशा मशीन अडखळतात. कारण गमतीशीर आहे: एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) चुकली की जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, पुढच्या फ्रेमची वाट बघत रिकामा बसतो, रिकामा बसला म्हणून त्याला वाटतं काम कमी आहे, म्हणून तो वेग वाढवत नाही, म्हणून पुढची फ्रेमही चुकते. यावर उपाय म्हणून उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या एका डेव्हलपरने 2020 मध्ये मटरसाठी, म्हणजे नोमच्या खिडक्या पडद्यावर काढणाऱ्या भागासाठी, ट्रिपल बफरिंगचा पॅच पाठवला. जीपीयू मागे पडत असेल तेव्हाच तिसरा बफर (फ्रेम ठेवायची जागा) घ्यायचा, सावरला की पुन्हा दोनावर यायचं. नोमने तो घेतला कधी? नोम 48 मध्ये, म्हणजे मार्च 2025 मध्ये. उबंटूने मात्र 22.04 पासूनच, म्हणजे एप्रिल 2022 पासून, लावून टाकला होता.

नोमच्या लोकांना दोष देत नाही. रिव्ह्यू करणारे मोजके, कोड नाजूक जागेतला. पण मधली तीन वर्षं त्या क्लासमधल्या पोरांनी अडखळत्या स्क्रीनकडे बघत का काढावीत? पॅच बिघडला असता तर स्क्रीन लुकलुकली असती, कुणीतरी ओरडलं असतं, पुढच्या अपडेटमध्ये काढून टाकला असता. शिवाय लिहिणारा माणूस डिस्ट्रोच्याच पगारावर, त्यामुळे तक्रार कुठे न्यायची हाही प्रश्न नव्हता. आणि हजारो मशीनवर चालून सिद्ध झालेला पॅच शेवटी मूळ प्रोजेक्टमध्ये गेलाच.

भाच्याला एक चिमटाही काढतो. जीटीके या नोमच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतल्या फाइल निवडायच्या खिडकीत फोटोंची छोटी चित्रं मोठ्या चौकटीत दिसावीत, ही मागणी 2004 सालची. ती पूर्ण झाली 2023 मध्ये, जीटीके 4.10 सोबत. त्या काळात आर्चवाले काय करत होते? एयूआरमधून, म्हणजे वापरणाऱ्यांनीच भरलेल्या पॅकेजांच्या साठ्यातून, पॅच लावलेलं जीटीके उतरवून घेत होते! म्हणजे डिस्ट्रो सोवळी, पॅच ज्याचा त्याने आपापल्या घरी लावायचा. हे मला मान्य आहे, फक्त त्याला तत्त्व म्हणू नये.

आता दुसरी बाजू, आणि इथे माझा आवाज बदलतो.

2006 मध्ये डेबियनमध्ये ते पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद केल्या. मेमरी तपासणारी टूल्स त्या ओळींवरून इशारे देत होती. फीचर वगैरे काही नव्हतं, साफसफाई होती, आणि त्याने ओपनएसएसएलच्या लोकांना आधी विचारलंही होतं. पण त्या ओळींसोबत यादृच्छिकतेचा स्रोतच गेला. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. डेबियन आणि उबंटूवर बनलेल्या एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या, किल्ल्या कुणीही आधीच मोजून यादी करून ठेवाव्यात इतक्या थोड्या झाल्या. मे 2008 पर्यंत हे बाहेर आलं नाही. किल्ल्या बनत होत्या, लॉगिन होत होतं, सगळं सुरळीत 'चालत' होतं.

2024 चं एक्सझेड प्रकरण आठवत असेलच. बॅकडोर, म्हणजे चोरवाट, एक्सझेडच्या लिबएलझेडएमए या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत होता, निशाणा एसएसएच सर्व्हर. मुळात ओपनएसएसएच, म्हणजे तो नेहमीचा एसएसएच सर्व्हर, ती लायब्ररी वापरतच नाही. पण डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रोंनी "सर्व्हर तयार आहे" एवढा निरोप सिस्टमडीला, म्हणजे मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, द्यायला पॅच लावला होता. त्या पॅचने लिबसिस्टमडी आणली, तिने लिबएलझेडएमए आणली. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून पकडलं गेलं, नाहीतर चाचणीच्या टेस्टिंग आवृत्तीतून पुढे सगळ्यांच्या स्टेबलमध्ये गेलं असतं. तोच निरोप देण्याची सोय ओपनएसएसएचने पुढे 9.8 मध्ये स्वतः केली, एकही लायब्ररी न जोडता. यावर भाचा मोठ्या टेचात सांगतो की आर्चमध्ये हा पॅच नव्हताच. इथे त्याला पूर्ण गुण.

उबंटूचं ओव्हरलेएफएस (एका फोल्डरवर दुसरा थर चढवणारी फाइल सिस्टम) तर माझ्या मुद्द्याला अगदी चपखल बसतं. साध्या युजरला ते माउंट करू (जोडू) द्यायला मूळ कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 5.11 पर्यंत, म्हणजे 2021 पर्यंत, तयार नव्हता. उबंटूने ती मुभा कितीतरी आधी दिली. कंटेनरवाल्यांना, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्यांना, सोय झाली, खरं आहे. पण तिथला कोड मूळ वाटेपासून वेगळा पडत गेला, मूळ कर्नलमधली दुरुस्ती त्या वेगळ्या वाटेला पुरली नाही, आणि 2023 मध्ये फक्त उबंटूपुरती अशी भोकं सापडली की साधा युजर सरळ रूट, म्हणजे मशीनचा मालक, व्हावा.

"मग ॲपआर्मरचं काय?" हा आक्षेप येईल, आणि तो चांगला आहे. प्रोग्रामला कशाला हात लावू द्यायचा ते ठरवणारी, सुरक्षेचीच गोष्ट, तरी उबंटू 2007 पासून ती बाहेरून लावत होतं. मूळ कर्नलमध्ये आली 2.6.36 सोबत 2010 मध्ये. पण ॲपआर्मर अडवतो. चुकला तर प्रोग्राम चालायला नकार देतो, आणि लोक लगेच बोंब मारतात. मुभा देणारा पॅच चुकला तर बोंब मारणारं कुणी नसतं. ज्याला फायदा होतो तो गप्पच बसतो.

डेबियनमध्ये एक चांगली सवय आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. पॅकेजचा सोर्स उतरवला की पॅचेस नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक बदल वेगळा सापडतो, आणि वर शीर्षकात 'फॉरवर्डेड' असा रकाना असू शकतो: हा पॅच मूळ लेखकाकडे पाठवला का, आणि नसेल तर तसं सांगा. मी पॅकेज तपासताना आधी तो बघतो. रिकामा असेल आणि पॅच लॉगिन किंवा परवानग्यांशी संबंधित असेल, तर माझ्या कपाळावर आठी येते.

ओपनएसएसएचमध्येच डेबियन आणखी एक पॅच जवळपास वीस वर्षं वाहत आलंय. कर्बेरॉस ही एका लॉगिनवर सगळीकडे ओळख पटवणारी पद्धत वापरणाऱ्या संस्थांसाठी, नाव जीएसएसएपीआय की एक्स्चेंज. मूळ लेखकांनी तो कधी घेतला नाही, आणि ज्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही अशा सगळ्यांच्या सर्व्हरवरही तो कोड बसलाय. एक्सझेडनंतर मेंटेनरने ठरवलं की हे वेगळ्या पॅकेजात काढायचं. डेबियन 13 मध्ये त्यासाठी वेगळ्या नावाची पॅकेजेस आलीत, पुढच्या रिलीजपर्यंत ज्याला हवं त्याने ती बसवून ठेवायची, मग नेहमीच्या पॅकेजातून तो पॅच जाणार. तुमच्याकडे कर्बेरॉस असेल तर आत्ताच बसवून घ्या. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "वीस वर्षं लागली ना मामा?" लागली.